दर आठवड्याची गोष्ट

मराठी लघुकथेचा इतिहास सांगताना हरि नारायण आपटे यांचे नाव पहिल्या पानावर येते आणि बहुधा पहिल्याच पानावर संपते. ‘करमणूक’ साप्ताहिकातल्या स्फुट गोष्टींनी सुरुवात झाली असे एक वाक्य, त्या पाल्हाळिक आणि बोधपर होत्या असे दुसरे, की लगेच वि. सी. गुर्जर, दिवाकर कृष्ण, ना. सी. फडके अशी पुढची नावे सुरू होतात. ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणि ‘उषःकाल’ लिहिणाऱ्या कादंबरीकाराच्या मोठेपणाखाली हा गोष्टीकार झाकला गेला. त्याच्यावर कोणाकोणाचे संस्कार झाले याची यादी मात्र आपण तत्परतेने देतो: चिपळूणकर, आगरकर, स्कॉट, रेनल्ड्स. यादी खोटी नाही. पण लेखकाने काय वाचले यावरून त्याला काय सांगावेसे वाटले एवढेच कळते. तो ते कसे सांगू लागला हे समजायचे तर तो रोज काम कसे करत होता हे पाहावे लागते, आणि हरिभाऊंच्या बाबतीत ते पाहण्याचे आपण टाळले आहे. माझे म्हणणे असे की मराठी गोष्टीला तिचा घाट मिळाला तो पुण्यातल्या एका साप्ताहिकाच्या कामातून. गुरूंनी विषय दिले, इंग्रजी पुस्तकांनी कथानके दिली. गोष्ट सांगण्याची रीत दिली ती दर आठवड्याला अंक काढण्याच्या सवयीने आणि तो अंक ज्या घरांत वाचून दाखवला जाई त्या घरांनी.

हरिभाऊंच्या आधी मराठीत छापील गोष्टींचा तुटवडा होता असे नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापाच्या नीतिकथा १८२८ मध्येच मराठीत आणल्या. ‘वेताळपंचविशी’, ‘सिंहासनबत्तिशी’ ही जुनी भांडवले छापखान्याबरोबर नव्याने घरोघर गेली. पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत उतरवायला घेतल्या आणि त्यांनी वाचकांच्या एका पिढीला अक्षरशः वेड लावले. कादंबरीही आली होती. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ मध्ये विधवांचे दुःख समोर मांडले, पण धर्मांतरित ख्रिस्ती लेखकाच्या त्या पुस्तकाची वाट पुढच्यांनी धरली नाही. लोकांनी डोक्यावर घेतली ती १८६१ ची ‘मुक्तामाला’, तिच्यामागून आलेली ‘रत्नप्रभा’ आणि १८६८ ची ‘मंजुघोषा’. या पुस्तकांतली माणसे राजवाड्यात जन्मतात, अरण्यात हरवतात, योगायोगाने भेटतात आणि शेवटी सुखी होतात. वाचकाच्या ओळखीच्या गल्लीत, त्याच्या चुलत्याच्या घरात, त्याच्या बहिणीच्या सासरी जे घडत होते ते गोष्टीचा विषय होऊ शकते असे कोणाला वाटत नव्हते. गोष्ट म्हणजे दूरची, हा समज इतका पक्का होता की तो मोडायला केवळ प्रतिभा पुरणार नव्हती. तो मोडायला रोजच्या जगण्याला चिकटून राहणारे एखादे साधन लागणार होते, आणि ते साधन म्हणजे साप्ताहिक.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. वाढले ते काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या आधाराने. काका मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत, त्यामुळे सुरुवातीचे शिक्षण मुंबईत झाले आणि १८७८ च्या सुमारास कुटुंब पुण्याला आले. हे वर्ष महत्त्वाचे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ तेव्हा ऐन भरात होती. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल उघडले. पुढच्याच जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. म्हणजे सोळा ते अठरा या वयात, जेव्हा मुलगा वाचलेले सगळे अंगात मुरवून घेतो, तेव्हा हरिभाऊ अशा शाळेत शिकत होते की जिथले मास्तर वर्गात शिकवून बाहेर पडले की छापखान्यात जात. चिपळूणकर, टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे: कोणताही मास्तर घ्या, त्याच्या बोटाला शाई होतीच. लिहिणे म्हणजे घरात बसून पोथी सिद्ध करणे नव्हे, ठरल्या दिवशी अंक लोकांच्या हातात पडणे, ही समजूत या मुलांना कोणी शिकवली नसेल. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. याच शाळेत शिकलेल्या केशवसुतांच्या कविता पुढे ‘करमणुकी’त छापल्या गेल्या आणि कवीच्या निधनानंतर हरिभाऊंनीच त्या संग्रहरूपाने काढल्या, हा काही निव्वळ योगायोग नाही.

या मास्तरांपैकी दोघांचे ऋण सर्वांना ठाऊक आहे, पण ते नेमके कोणते हे नीट पाहिले पाहिजे. १८८२ च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले तेव्हा हरिभाऊ अठरा वर्षांचे होते. त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहिले. संस्कृत वळणाचे, वृत्तबद्ध, शोक कसा करावा हे परंपरेने ठरवून दिलेल्या पद्धतीचे. पुढे आगरकरांनी केलेले ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या विद्यार्थ्याने आपल्याच गुरूच्या भाषांतरावर प्रदीर्घ टीकालेख लिहिला. एका गुरूसाठी विलाप आणि दुसऱ्या गुरूच्या पुस्तकाची चिरफाड! दोन्ही कृतींत एकच मन दिसते. शिष्य भक्तिभावाने शिकतो, पण शिकलेले तपासल्याखेरीज पुढे नेत नाही. गोष्टी लिहायला बसल्यावर त्यांनी चिपळूणकरांचे लांब, तोललेले, टाळ्या घेणारे वाक्य बाजूला ठेवले. मराठीचा अभिमान तेवढा घेतला. आगरकरांकडून बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण हे विषय घेतले, पण आगरकरांची वकिली मांडणी घेतली नाही. आगरकरांचा ‘सुधारक’ वाचताना वाचक एक तर पटून घेतो किंवा चिडतो. हरिभाऊंना तिसरेच काही हवे होते. चिडणाऱ्याच्या घरातही आपला अंक गेला पाहिजे आणि त्याच्या बायकोने, आईने, सुनेने तो ऐकला पाहिजे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मध्ये आली, ती इंग्रज कादंबरीकार रेनल्ड्सच्या धर्तीवर. ‘म्हैसूरचा वाघ’ मेडोज टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीवरून. नाटके मोलियेर आणि शेक्सपिअर यांच्यावरून. मग ज्याचा पायाच उसना, त्याच्या गोष्टीचा घाट पुण्यात घडला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? उत्तर ‘मधली स्थिती’तच आहे. लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्यांतले गुन्हे आणि रहस्ये विकणाऱ्या रेनल्ड्सचे त्या काळी हिंदुस्थानभर अमाप वाचक होते. त्याच्याकडून हरिभाऊंनी उचलला तो शहराचे दोन थर एकमेकांवर ठेवून पाहण्याचा खुबीदार बेत. त्या बेतात त्यांनी भरले ते पुणे: जुने सुटलेले आणि नवे न पचलेले सुशिक्षित, त्यांची दारू, त्यांच्या घरातल्या मुक्या बायका. शिवाय हेही पाहावे की उसनवारी जवळजवळ सगळी मोठ्या कृतींत आहे. नाटकाला आणि मोठ्या कादंबरीला आधी आखलेला सांगाडा लागतो, तो त्यांनी बाहेरून घेतला. स्फुट गोष्टींना सांगाडा लागत नव्हता. त्यांना लागत होता तो प्रसंग, आणि प्रसंगांचा पुरवठा पुण्यात रोज होत होता.

कॉलेजात हरिभाऊंचे जमले नाही. गणिताने अडवले आणि पदवी राहून गेली. एखादी सरकारी नोकरी, एखादी मास्तरकी, कदाचित काकांसारखी वकिली, असे जे मार्ग पदवीधराला खुले होते ते त्यांना बंद झाले. पण याच सुमारास, १८८८ मध्ये, काकांनी पुण्यात आनंदाश्रमाची स्थापना केली. आप्पा बळवंत चौकाजवळ ही संस्था आजही उभी आहे. संस्कृत हस्तलिखिते जमवायची, ती पडताळून शुद्ध पाठ ठरवायचा आणि ग्रंथमालेत छापायचे, असे तिचे काम. व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. चरित्रकार याकडे उपजीविकेची सोय म्हणून पाहतात. मला त्यात याहून अधिक दिसते. हस्तलिखितांच्या संपादनाचे काम म्हणजे सकाळपासून बैठक मारून बसण्याचे काम. पोथी पोथीशी ताडायची, मुद्रिते तपासायची, फर्म्यामागून फर्मा छापून घ्यायचा. त्यात स्फूर्तीची वाट पाहत बसता येत नाही. अशा कामात मुरलेला माणूस लिहायला बसला की तोही बैठकीचाच लेखक होणार. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ काढले आणि पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे चालवले. एका हाती चालवलेल्या मराठी नियतकालिकासाठी हा काळ आजही थोडा म्हणता येणार नाही.

‘करमणूक’ काय होते हे समजण्यासाठी त्या वर्षीचे पुणे डोळ्यांपुढे आणावे. टिळकांचा ‘केसरी’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ समोरासमोर उभे. संमतिवयाच्या विधेयकावरून घराघरांत फूट पडलेली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन त्याच वर्षी मुंबईहून पुण्याला आलेले. मुलींची हुजूरपागा शाळा सुरू होऊन सहा वर्षे झालेली आणि तिच्यावरची टीका थांबलेली नव्हती. या भांडणात हरिभाऊ कोणत्या बाजूचे होते हे लपलेले नव्हते. ते रानडे-आगरकरांच्या बाजूचे. तरी त्यांनी भांडणाचे तिसरे पत्र काढले नाही. गंभीर चर्चा करायला इतर पत्रे आहेत, आपण घरच्या माणसांना रिझवत रिझवत तेच सांगू, अशी भूमिका घेतली. अंकात ‘आजकालच्या गोष्टी’ या मथळ्याखाली सामाजिक कादंबरी चाले, तिच्या जोडीला ऐतिहासिक कादंबरी, शिवाय चरित्रे, शास्त्रीय माहिती, कविता, चुटके, आणि उरलेल्या जागी स्फुट गोष्ट.

‘उरलेल्या जागी’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. त्यात गोष्टीचा कमीपणा नाही. तिच्या जन्माचे कारण आहे. साप्ताहिकाचे पान ठरलेले असते. खिळे जुळवणारा कामगार लेखकाच्या मनःस्थितीसाठी थांबत नाही. क्रमशः कादंबरीचे प्रकरण लांबले तर गोष्ट पुढच्या अंकावर ढकलायची, आखूड झाले तर गोष्टीने पान भरायचे. एका बैठकीत सुरू होऊन एक-दोन अंकांत संपेल असा मजकूर संपादकाला सतत हाताशी लागतो, आणि संपादकच लेखक असेल तर तो त्यालाच लिहावा लागतो. ही केवळ पुण्याची कथा नव्हती. १८८० नंतरच्या दशकात रशियात तरुण चेखॉव्ह पीटर्सबर्गच्या विनोदी साप्ताहिकासाठी संपादकाने आखून दिलेल्या जेमतेम शंभर ओळींच्या मर्यादेत गोष्टी लिहीत होता आणि काटेकोरपणा शिकत होता. ‘करमणूक’ निघाल्यानंतर वर्षभरातच कलकत्त्यात रवींद्रनाथांनी ‘हितवादी’ या साप्ताहिकासाठी आपल्या पहिल्या महत्त्वाच्या गोष्टी लिहिल्या; ‘पोस्टमास्तर’ त्यांतलीच. या तिघांनी एकमेकांचे काही वाचले असण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. तिघांचे गुरू वेगळे, भाषा वेगळ्या, वाचनही वेगळे. समान होते ते एवढेच की आठवड्याच्या ठरल्या वारी मजकूर द्यायचा होता. संस्कारांच्या यादीने हे साम्य उलगडत नाही, कामाच्या रीतीने उलगडते.

आता सांगण्याच्या रीतीकडे येऊ. हरिभाऊंच्या शीर्षकांकडे बारकाईने पाहा: ‘पण लक्षात कोण घेतो!’, ‘जग हे असे आहे’, ‘काळ तर मोठा कठीण आला’, ‘थोड्या चुकीचा घोर परिणाम’, ‘अपकाराची फेड उपकारानेच’, ‘पुरी हौस फिटली’. आधीच्या पिढीच्या पुस्तकांवर नायिकांची नावे होती, मुक्तामाला, रत्नप्रभा, मंजुघोषा. ही शीर्षके म्हणजे कोणीतरी बोलताना उच्चारलेली वाक्ये आहेत. ओसरीवर बसलेला म्हातारा म्हणेल, विहिरीवरची बाई म्हणेल, निःश्वास टाकून एखादी विधवा म्हणेल अशी. त्यांतले पहिले तर वाक्याच्या मध्येच सुरू होते. ‘पण’ म्हणण्याआधी काय झाले ते वाचकाने स्वतःच्या घरात शोधायचे. ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये नायिका यमू स्वतः बोलते. भावाबरोबरच्या लहानपणापासून सुरू करते, मुंबईच्या बिऱ्हाडात नवऱ्याने वाचायला शिकवल्याचे सुख सांगते, आणि मग शंकरमामंजींच्या घरातले सोसणे. पुरुष लेखकाने एका बाईच्या तोंडून शेकडो पाने बोलायची आणि ती ऐकताना बायकांना ते आपलेच वाटायचे, हे एकदम साधलेले नाही. दर आठवड्याला एक प्रकरण, त्यावर घरांतून येणारी प्रतिक्रिया, पुढच्या प्रकरणात सुधारलेला कान, असे ते घडत गेले असले पाहिजे.

यावर कोणी विचारील की तेव्हा वाचता येणाऱ्या बायका होत्या किती? फार थोड्या, हे खरे. पण अंक एकाने वाचायचा आणि घराने ऐकायचा हा त्या काळच्या वाड्यांतला सर्रास प्रकार होता. पोथी ऐकायची सवय असलेल्या घरांना साप्ताहिक ऐकणे अवघड गेले नाही. ऐकणाऱ्यासाठी लिहिणाऱ्याला मागचे थोडे आठवण करून द्यावे लागते, मध्येच थांबून ‘वाचकहो’ म्हणून हाक मारावी लागते, एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागते. हरिभाऊंच्या गद्यात हे सगळे आहे. शिवाय वाचक म्हणून एक बाई त्यांच्या अगदी जवळच्या ओळखीत होती. काशीबाई कानिटकर त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर घरातल्यांची बोलणी खात हट्टाने वाचायला शिकलेल्या, पुढे स्वतः कादंबरी आणि गोष्टी लिहिणाऱ्या, डॉ. आनंदीबाई जोशींचे चरित्र सिद्ध करणाऱ्या. गोविंद वासुदेव कानिटकर आणि काशीबाई या दांपत्याशी हरिभाऊंचा लेखनावरून सतत संवाद आणि पत्रव्यवहार होता. शिकू पाहणाऱ्या बाईला घरात काय काय सोसावे लागते हे त्यांना पुस्तकांतून कळले नाही, या घरातून कळले. स्कॉटचे आणि रेनल्ड्सचे नाव घेताना आपण जितका आदर दाखवतो तितका काशीबाईंच्या वाट्याला आला नाही, ही मराठी टीकेची उणीव आहे.

साप्ताहिकाच्या सवयीने हरिभाऊंचे नुकसानही केले, आणि ते कबूल केल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. कादंबऱ्या लांबल्या. एकाच वेळी दोन-दोन चालवताना धागे सैल पडले. ‘आजच’, ‘मायेचा बाजार’ यांसारख्या कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. प्रकरणाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवण्यासाठी ओढूनताणून आणलेली रहस्येही आहेत. ज्या शिस्तीने त्यांना घडवले तिनेच त्यांना थकवले, असा आरोप करता येईल. पण हा आरोप कादंबऱ्यांना जितका लागू पडतो तितका स्फुट गोष्टींना पडत नाही. कादंबरीला पुढचा अंक होता म्हणून ती वाहवत गेली. गोष्टीला पुढचा अंक नव्हता, फार तर एखादा होता, म्हणून तिला संपावे लागले. पसरट लिहिणाऱ्या लेखकाला कुठेतरी थांबायला शिकवले असेल तर ते या तुकड्यांनी. त्यांच्या गोष्टींत बोध पुष्कळदा शेवटी जोडल्यासारखा येतो, हे मान्य. तो काढून वाचला तर खाली राहिलेला प्रसंग मात्र अनेकदा पक्का असतो.

टीकाकारांचा नेहमीचा आक्षेप असा की स्फुट गोष्ट ही लघुकथा नव्हेच. एकच परिणाम, एकच क्षण, काटेकोर सुरुवात आणि शेवट, हे तंत्र मराठीत नंतर आले. १८९५ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ‘मनोरंजन’ मासिकातून वि. सी. गुर्जरांनी एका अंकात संपणारी ‘संपूर्ण गोष्ट’ लोकप्रिय केली; १९२७ च्या ‘समाधी व इतर सहा गोष्टी’मध्ये दिवाकर कृष्णांनी तिला मनाचा तळ दाखवला; फडक्यांनी तिचे नियम सांगितले. हे सगळे मला मान्य आहे, आणि तंत्राचा इतिहास लिहायचा असेल तर सुरुवात गुर्जरांपासून करण्याला माझी हरकत नाही. पण तंत्र येण्याआधी तीन गोष्टी व्हाव्या लागतात. ओळखीच्या माणसाची छोटी हकीकत छापण्याजोगी आहे असे संपादकाला वाटले पाहिजे, ती वाचण्याजोगी आहे असे घरांना वाटले पाहिजे, आणि ती नियमित पुरवण्याची सवय लेखकाच्या हाताला लागली पाहिजे. ‘मनोरंजन’ निघाले तेव्हा ‘करमणूक’ पाच वर्षे चालू होते आणि या तिन्ही गोष्टी होऊन गेल्या होत्या. गुर्जरांना वाचक तयार मिळाला. पुढे पुण्यात १९२६ मध्ये ‘रत्नाकर’ आणि १९२८ मध्ये ‘यशवंत’ ही मासिके निघाली आणि ती प्रामुख्याने कथेवर चालली. तेव्हाही लेखकाला घडवणारा संपादकाचा तगादाच होता. आज दिवाळी अंकासाठी गणपतीनंतर लिहायला बसणारा मराठी कथाकार त्याच परंपरेतला आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. ज्या घरांच्या कानावर हरिभाऊंनी आपली रीत बसवली ती घरे बहुतेक पांढरपेशी, ब्राह्मणी होती. त्याच पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढला होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यातले भाग लोकांना वाचून दाखवले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यातच छापून निघाले होते. हरिभाऊंच्या गोष्टींत या पुण्याचा आवाज जवळजवळ नाही. केशवपनाचे दुःख त्यांनी आतून सांगितले, पण शेतसाऱ्याचे, सावकारीचे दुःख आतून सांगणारा गोष्टीकार मराठीला बराच काळ मिळाला नाही. लेखकाची सवय जशी त्याला घडवते तशी ती त्याला बांधूनही ठेवते. ज्याला वाचक आठवड्याला भेटतो तो हळूहळू त्याच वाचकाच्या जगात राहू लागतो. तरीही एक अपवाद नोंदवला पाहिजे. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या गरीब खेडूत कुटुंबाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला महाराष्ट्राने लागोपाठ दुष्काळ पाहिले, त्यांतच पुण्यात प्लेगही आला, आणि प्लेगच्या दिवसांत हरिभाऊ शहरात लोकांच्या मदतीला उभे होते. या गोष्टीत बोध मागे पडतो आणि भूक पुढे येते. निवेदक त्या कुटुंबातला नाही, तो बाहेरूनच पाहतो, हे जाणवते. पण बाहेरून पाहणारा माणूस नजर वळवत नाही, आणि ‘करमणुकी’च्या वाचकाला तो ती वळवू देत नाही. करमणूक नावाच्या पत्रात, घरातल्या गप्पांच्या सुरात, दुष्काळाने मरणारी माणसे आणून बसवणे याला त्या काळी धैर्य लागले असेल.

१९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पुणे नगरपालिकेचे सभासद आणि पुढे अध्यक्ष म्हणून त्यांनी शहराचे पाणी, रस्ते, आरोग्य यांचे काम केले. आनंदाश्रमाची ग्रंथमाला चालूच होती. ३ मार्च १९१९ ला, पंचावन्न वर्षे पुरी व्हायला पाच दिवस असताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. स्फुट गोष्टी पुस्तकरूपाने भागाभागांनी निघाल्या, पण त्या वाचणारे आज थोडे आहेत. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत लागल्या तर एखाददुसरी. माझी वाचकांना विनंती आहे की ग्रंथालयात त्या मिळाल्या तर ‘काळ तर मोठा कठीण आला’पासून सुरुवात करावी, आणि शक्य असेल तर ती मनात न वाचता घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी. ती तशीच ऐकण्यासाठी लिहिली गेली आहे.